ताईचं विमान डावीकडे जातं

ज्या वाहनाचा चालवणारा दिसत नाही, त्या वाहनात माझी थोरली बहीण बसत नाही. तिच्या मते ही भीती नाही, शिस्त आहे. रोह्याहून माझ्याकडे पेणला यायला रेल्वे आहे, नागोठणे, कासू करत आरामात येते. पण रेल्वेचा ड्रायव्हर कुठेतरी पुढे दृष्टीआड बसतो, म्हणून ताईच्या लेखी ती गाडी बिनमाणसाची. ताई एसटीने येते. ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट धरते आणि गडबपासून वडखळपर्यंत त्या बिचाऱ्याला खड्डे दाखवत येते. एसटी चुकली तर मिनीडोर, म्हणजे आमच्याकडची सहा आसनी रिक्षा. तिच्यात ती ड्रायव्हरला चिकटून पुढे बसते आणि त्याने मोबाइल काढला तर काढून घेते.

अशा बाईला ऑस्ट्रेलियाला जायचं होतं.

तिची एकुलती एक मुलगी, माझी भाची, तिकडे असते. लग्नानंतर नवव्या वर्षी तिला दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी दिवाळीच्या पुढेमागे तारीख दिली होती. आईने यायचं हे ठरलेलंच होतं. व्हिसा आला, तिकीट आलं, डिंकाचे लाडू झाले, मेतकूट दळून झालं. सगळं झाल्यावर एका संध्याकाळी ताईने मला फोन केला.

"विमान कोण चालवतो ते बसल्यावर दिसतं का रे?"

"नाही. तो पुढे बंद खोलीत असतो."

"मग मी नाय जात," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

ताईचं "नाय" म्हणजे काय ते मला लहानपणापासून माहीत आहे. भावजी गेल्यावर सगळ्यांनी तिला माहेरी चल म्हणून सांगितलं होतं. तिने "नाय" म्हटलं आणि रोह्यात पोह्याच्या पापडांचा घरगुती धंदा काढला. आज तिच्या अंगणात पाच बायका पापड लाटतात. तांदळाचा एक दाणा नाकाशी नेऊन ती तो या वर्षीचा की गेल्या वर्षीचा ते सांगते, आणि दाताखाली धरून पोहे कसे उतरतील तेही सांगते. गिरणीवाले तिला पाहिलं की पोत्याचं तोंड आपणहून उघडतात.

आता माझ्याबद्दल. रोह्याजवळच्या धाटावला एका केमिकल कंपनीत मी एकतीस वर्षं इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होतो. प्रेशर, तापमान, पातळी दाखवणारी जी यंत्रं असतात, ती खरं बोलतायत की खोटं, हे बघायचं माझं काम. निवृत्त झालो तेव्हा सहकाऱ्यांनी विचारलं, काय देऊ? सगळ्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळतं. मी म्हटलं, मला विमानाचा दांडा द्या. ते दोन दिवस हसले, पण निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि जॉयस्टिक अशा क्रमाने माझा सत्कार झाला. वेगाचा खटका आणि पायाची पेडलं नंतर मी स्वतः घेतली. बायको पेणची, म्हणून आमचं घर पेणला. आम्हाला मूलबाळ नाही. बायको जाऊन चार वर्षं झाली, आणि या चार वर्षांत संगणकातल्या विमानात बसून मी जगभर हिंडलोय. उठून चहा स्वतःच करावा लागतो, एवढीच त्या प्रवासातली गैरसोय.

तर मी ताईला म्हटलं, माझ्याकडे ये, मी तुला विमान चालवणारा दाखवतो. ती आली. मी पडद्यासमोर बसून मुंबईहून उडालो, धरमतरची खाडी दाखवली, पेण दाखवलं, फिरवून परत आणून उतरवलं. ताई पूर्ण वेळ माझ्या हातापायांकडे बघत होती. पडद्याकडे एकदाही पाहिलं नाही.

"हे मला यायला पायजे," ती म्हणाली. "तीन वेळा मी स्वतः उतरवीन. मग त्या बंद खोलीत कोण का बसेना."

गणपती गेल्यानंतरच्या शनिवारपासून आमची शिकवणी सुरू झाली. सकाळच्या एसटीने ताई यायची, डब्यात काहीतरी आणायची, चपला काढून पेडलांवर अनवाणी पाय ठेवायची आणि विमान आपटायची. प्रत्येक वेळी आपटलं की विचारायची, "खाली माणसं होती का रे?" मी म्हणायचो, चित्र आहे ते ताई. ती "तरी पण," म्हणायची. चौथ्या शनिवारी तिने एकदा विमान बऱ्यापैकी चाकांवर उतरवलं. त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून अख्खा डबा संपवला.

आणि मग खंडेनवमी आली.

आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा करतात. ज्याचं पोट ज्यावर, त्याने ते पुजायचं. कंपनीत आम्ही मल्टीमीटर आणि पान्यांना झेंडू वाहायचो. त्या वर्षी ताई पूजेला मुद्दाम आली होती. आपल्या घरचं लाटणं, पोळपाट सकाळीच पुजून आली आणि माझ्या टेबलाकडे बघून म्हणाली, "तुझं हत्यार आता हेच. ह्याच्यावर मी उतरणार हाय."

मग पाटावर लाल कापड घालून जॉयस्टिक, वेगाचा खटका आणि पेडलं मांडली. ताईने हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं वाहिली, आणि कुंकवात रंगवलेल्या अक्षता अगदी सढळ हाताने टाकल्या. लग्नात नवरानवरीवर टाकतात तशा. जॉयस्टिकच्या डोक्यावर कुंकवाचं बोट उमटलं. दृश्य विचित्र होतं, पण मला बरं वाटलं. बायको गेल्यापासून घरात कुणी काही पुजलं नव्हतं.

पूजा झाली की त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, असा नियम. माझा संगणक मात्र कित्येक महिने एक पाटी दाखवत होता, नवी ऑपरेटिंग सिस्टिम तयार आहे, अपग्रेड करू का? मी रोज नको म्हणायचो. चालू यंत्राला हात लावू नये, हे एकतीस वर्षांचं ब्रीद. पण त्या दिवशी ताई म्हणाली, "आज तुझं काम बंदच हाय. त्याला काय करायचं ते करू दे की." मला ते पटलं. मी हो म्हटलं. ती रोह्याला पोचेपर्यंत संगणक आपलं आपण बंद होत होता, चालू होत होता, टक्के मोजत होता.

दसऱ्याला सकाळी मी फुलं, अक्षता झटकून सगळं टेबलावर परत जोडलं आणि विमान चालू केलं. नव्या सिस्टिमला माझी तिन्ही हत्यारं ओळखीची वाटेनात. दांडा दिसत नव्हता, खटका दिसत नव्हता, पेडलं तर नव्हतीच. दसऱ्याला सोनं द्यायला आलेली माणसं आपट्याची पानं हातात घेऊन दारात उभी, आणि मी टेबलाखाली वायरींत.

ताईच्या विमानाला त्या दिवसापासून बरोबर पंधरा दिवस उरले होते.

गावातल्या कॉम्प्युटर क्लासच्या बाईंना बोलावलं. त्या पोटतिडकीने शिकवणाऱ्या बाई आहेत, त्यांनी पेणच्या निम्म्या गृहिणींना मेल पाठवायला शिकवलंय. त्यांनी बसून सगळं बघितलं आणि विचारलं, "काका, बंद करून चालू करून बघितलं का?"

मला त्या वाक्याचा राग आहे. कंपनीत कुणी शिकाऊ पोरगा असं म्हणाला तर मी त्याला म्हणायचो, बॉयलरला जाऊन सांग बंद होऊन चालू हो म्हणून. पण बाईंना काय बोलणार? मी म्हटलं, अकरा वेळा.

मग त्यांनीच खरी गोष्ट शोधली. नव्या सिस्टिमला वीज वाचवायची हौस होती. जी वस्तू काही वेळ हलली नाही तिचा वीजपुरवठा ती तोडत होती. माझा दांडा, खटका आणि पेडलं ज्या एका जोडावर, म्हणजे यूएसबी हबवर, लावलेली होती, तो जोडच तिने झोपवला होता. बाईंनी एका चौकोनातली खूण काढली आणि जॉयस्टिकचा हिरवा दिवा लागला. मी त्यांना आपट्याचं पान दिलं आणि पोह्याचे पापड दिले.

पण हत्यारं जागी झाली तरी ती आपलं काम विसरून गेली होती. सिस्टिमने त्यांना नवे नंबर दिले होते आणि विमानाने जुन्या नंबरांची आठवण फेकून दिली होती. शनिवारी ताई येऊन बसली, तिने नेहमीसारखा वेग वाढवायला खटका पुढे ढकलला, तर विमानाचं शेपूट वळलं. पेडल दाबलं तर इंजिन गर्जायला लागलं. दांडा मागे ओढला तर दिवसाची रात्र झाली. ताईने दोन्ही हात वर घेतले.

"ह्याला काय झालं रे? पूजेत काय कमी राहिलं का?"

"पूजेचा संबंध नाही ताई. अपग्रेडमुळे झालंय."

हे वाक्य मी किती ठामपणे बोललो होतो, ते आठवलं की आजही मान खाली जाते.

त्या शनिवारी आम्ही लूप चेकिंग केलं. कंपनीत नवी लाइन टाकली की एक माणूस प्लँटमध्ये व्हॉल्व्हपाशी उभा राहतो, एक कंट्रोल रूममध्ये पडद्यापाशी, आणि वॉकीटॉकीवर बोलत प्रत्येक तार बरोबर जागी पोचते की नाही ते तपासतात. मी ताईला पडद्यापाशी बसवलं आणि स्वतः टेबलाखाली शिरलो, कारण पेडलं तिथे होती.

"डावं पेडल, पूर्ण!" मी खालून ओरडलो.

"कुठली तरी दांडी वर गेली," वरून ताई.

"कितवी?"

"पापडाच्या रंगाची."

तासभर असं चाललं. प्रत्येक वायरीला मी दोऱ्याने चिठ्ठी बांधली, पेनाने नाव घातलं, विमानाच्या यादीत एकेक काम पुन्हा नेमून दिलं. शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातले मूर्तिकार काहीतरी विचारायला आले होते. टेबलाखालून माझे पाय बाहेर, खुर्चीवर ताई आकडे मोजतेय, हे बघून ते काही न विचारता परत गेले.

दुपारी सगळं आपापल्या जागी आलं. दांडा दांड्याचं काम करू लागला, खटका खटक्याचं. ताईने विमान उडवलं, वळवलं, धावपट्टीसमोर आणलं, आणि जमिनीला चाकं लागता लागता विमान डावीकडे गवतात शिरलं. दुसऱ्यांदाही डावीकडे. तिसऱ्यांदा तर ती डाव्या पेडलावरचा पाय उचलून बसली होती, तरी डावीकडे. मी पडद्यावर पाहिलं. पाय नसताना पेडल थोडं डावं दाबलेलं दाखवत होतं.

मी ते शून्यावर आणलं. कॅलिब्रेशन म्हणतात त्याला, माझ्या हातचा मळ. दोन उड्डाणं बरी झाली, तिसऱ्या वेळी पुन्हा डावीकडे. पुन्हा शून्यावर आणलं, पुन्हा तेच. ताई त्या दिवशी जाताना दारात थांबली.

"हे सरळ होत नसेल तर मी पोरीला कळवते. ती सासूला बोलवील."

"पुढच्या शनिवारपर्यंत करतो."

"बघ बाबा. मी नाय बसायची असल्या विमानात."

मी म्हटलं, ताई, तुझं विमान हे नव्हे. पण तिच्या डोक्यात ते तसंच होतं. तिच्या भरवशाचा एकच चालवणारा होता, ती स्वतः, आणि तो दर वेळी गवतात जात होता. संध्याकाळी भाचीचा फोन आला. "मामा, आई येते ना?" तिने दोनदाच विचारलं, पण ज्या आवाजात विचारलं त्याने मला जेवण गेलं नाही.

रविवार, सोमवार मी संगणकाच्या मागे लागलो. पेडलांचे जुने ड्रायव्हर प्रोग्राम काढले, नवे घातले, नवे काढून जुने घातले. पेडलं बनवणाऱ्या कंपनीला लिहिलं, तर हे मॉडेल आता आम्ही सांभाळत नाही असं उत्तर आलं. इंटरनेटवर कुठल्याशा दूरदेशीचा एक गृहस्थ भेटला, त्याचं विमान अपग्रेडनंतर उजवीकडे जात होतं. आम्ही दोघांनी मिळून त्या ऑपरेटिंग सिस्टिमला यथेच्छ शिव्या घातल्या, त्याने त्याच्या भाषेत, मी माझ्या. तेवढं एक समाधान.

मंगळवारी सकाळी मी हरलो आणि पेडलं टेबलावर उलटी ठेवली. सांगायचं म्हणजे, एकतीस वर्षं प्रत्येक शिकाऊ माणसाला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली होती: आधी डोळ्यांनी बघ, मग मीटर लाव. आणि पाच दिवस मी डोळे सोडून सगळं लावलं होतं. पेडल ज्या पट्टीवर पुढेमागे सरकतं त्या खाचेत धूळ दिसली. मूर्तिकारांकडे गेलो आणि बारीक ब्रश मागितला. त्यांनी दिला. "डोळे आखायचा हाय, जपून वापरा," म्हणाले.

ब्रश खाचेत फिरवला, तर डाव्या पेडलच्या स्प्रिंगच्या टोकापाशी तो अडला. आणखी जरा कुरवाळल्यावर टेबलावर एक दाणा पडला. लालभडक. कुंकवातली अक्षता.

पेडल मागे येऊन तिच्यावर टेकत होतं आणि केसभर डावं राहत होतं. दाबताना ती खाचेत पुढेमागे सरके, म्हणून कधी बरं, कधी वाईट. दाणा मोडलाही नव्हता. ताईच्या डब्यातला जुना तांदूळ, तो स्प्रिंगला काय ऐकतो?

मी एकटाच मोठ्याने हसलो. क्लासच्या बाई, दूरदेशीचा तो गृहस्थ, पेडलांची कंपनी, सगळ्यांना मी कामाला लावलं होतं आणि विमान पाडत होती ती ताईने वाहिलेली अक्षता. ताईला सांगायला मी फोन उचलला. नंबर लावायच्या आधीच ठेवला.

का ठेवला, ते सांगतो. हा दाणा काढला की विमान सरळ होणार. विमान सरळ झालं की ताई तीन वेळा उतरवणार. तीन वेळा उतरवलं की ती पुढच्या आठवड्यात शुक्रवारी जाणार. सहा महिने म्हणत होते, पण जावई मागे एकदा म्हणाला होता, आईंना आता इकडेच ठेवून घेऊ. त्यात त्याचं काय चुकलं? पण मला गणपतीनंतरचे ते सगळे शनिवार आठवले. दारात एसटीतून आलेली ताई, डब्याचा वास, टेबलाखालून ओरडणं. चार वर्षांत माझ्या घरात एवढा आवाज झाला नव्हता.

दाणा मी सदऱ्याच्या खिशात टाकला. त्या खिशात माझ्या लवंगा असतात. तंबाखू सोडल्यापासून मी लवंग चघळतो.

मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार तो दाणा माझ्या खिशात होता. सदरा बदलला की लवंगांबरोबर तोही नव्या खिशात जायचा. ताईचा रोज फोन यायचा, "झालं का रे सरळ?" मी म्हणायचो, बघतोय. आणि शनिवारी सकाळी, ताईची एसटी नागोठण्याला आली असेल तेवढ्यात, मी चिमट्याने तो दाणा पुन्हा त्याच खाचेत, त्याच स्प्रिंगच्या टोकाशी बसवला. एकतीस वर्षं बिघाड काढण्यात घालवलेल्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा एक बिघाड बसवला, आणि तो इतका नेमका बसवला की मला स्वतःचा अभिमान वाटला. लाज जरा नंतर वाटली.

ताई आली. पेडलांना हात लावून नमस्कार केला, कारण पुजलेल्या वस्तूला पाय लागणार. मग पाय ठेवले. विमान उडवलं आणि डावीकडे गवतात घातलं. पुन्हा उडवलं, पुन्हा गवत.

"खाली माणसं होती का रे?"

"नाही ताई."

तिने मोबाइल उचलला. भाचीचा नंबर काढला. अंगठा हिरव्या खुणेवर नेला आणि तिथेच थांबली. तेव्हा मी बोलायला हवं होतं. ताईने मोबाइल परत टेबलावर ठेवला, चष्मा पुसून घातला, खुर्चीवरून उतरली आणि त्या वयात सरळ जमिनीवर बसून पेडलांत डोकावली.

"डोळ्यांनी बघितलंस का कधी?" ती म्हणाली. "हे लाल काय हाय इथं?"

अंबाड्यातला आकडा काढून तिने खाचेत घातला आणि दाणा बाहेर ओढला. तळहातावर घेतला. "अगो बाय, माझी अक्षता," म्हणाली आणि हसू लागली. मीही हसलो, जरा जास्तच. मग सवयीने तिने तो दाणा नाकाशी नेला. तिचं हसू थांबलं. पुन्हा एकदा वास घेतला, डोळे मिटून, गिरणीत घेते तसा.

"ह्याला लवंगेचा वास येतो."

मी पंख्याकडे बघत होतो.

"पेडलात लवंग कुठनं आली? चार दिवस तरी खिशात होता हा."

एकतीस वर्षं मी यंत्रं खरं बोलतात की खोटं ते तपासलं, पण एवढं अचूक यंत्र माझ्या पाहण्यात नव्हतं. खोटं बोलण्यात अर्थच उरला नव्हता.

"मंगळवारी सापडला," मी म्हटलं. "आज परत घातला."

"का?"

"तू गेलीस की येणार नाहीस असं वाटलं. मला इथं कोण आहे, ताई?"

ती जमिनीवरून उठली नाही. तळहातावरचा दाणा बोटाने उलटसुलट करत राहिली. मला वाटलं आता रागावेल. 

"मला सांगायचंस की," ती म्हणाली. "विमानाला कशाला लंगडं केलंस? ते काय तुझं खाऊन गेलं होतं?"

आणि मग तिचे डोळे भरले. माझेही. शेजारच्या कारखान्यात कुणीतरी पॉलिश पेपर घासत होतं, तो आवाज ऐकत आम्ही दोघं पेडलांच्या दोन बाजूंना बसून राहिलो.

शेवटी ताईने नाक पुसलं, दाणा पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला आणि खुर्चीवर चढून बसली. "लाव," म्हणाली.

पहिल्यांदा तिने जरा उड्या मारत उतरवलं. दुसऱ्यांदा बरं. तिसऱ्यांदा विमान धावपट्टीच्या मधल्या पांढऱ्या रेषेवर असं अलगद टेकलं की मला चाकं लागलेली कळलीच नाहीत. मी टाळ्या वाजवल्या. ताईने वाजवू दिल्या नाहीत. "थांबू दे आधी," म्हणाली, आणि विमान पूर्ण थांबेपर्यंत दांड्यावरचा हात काढला नाही. जेवताना ती माझ्याशी बोलली नाही, पण वाढताना माझ्या ताटात दोनदा आमटी घातली.

शुक्रवारी मी तिला पोचवायला गेलो. गाडीत ती अर्थातच ड्रायव्हरशेजारी. पेणहून विमानतळापर्यंत तिने त्याला तीन वेळा आरसा बघायला सांगितलं. निघताना मी तिच्या हातावर दही दिलं होतं. विमानतळाच्या दारात मी तिला पुन्हा सगळं समजावलं. तिकडे उतरण्यापूर्वी एक कार्ड भरायचं असतं, खाण्याचं, धान्याचं जे काय आहे ते त्यावर लिहायचं. लपवलं तर ते लोक फार कडक आहेत.

"मी कशाला लपवीन?" ताई म्हणाली आणि माझ्याकडे रोखून बघितलं. मग दारातून आत गेली.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी टेबलापाशी बसलो, विमान उडवलं, फिरवलं, उतरवायला आणलं, आणि ते उजवीकडे गवतात गेलं. आता पेडलात काही नव्हतं. इतके दिवस डावी ओढ सांभाळून सांभाळून माझाच पाय उजवीकडे जोर देत होता. सरळ विमानाची मला सवय राहिली नव्हती. तेवढ्यात फोन वाजला.

"पोचले," ताई म्हणाली. "सीटसमोर छोटा पडदा होता. विमानाच्या शेपटीवरनं खालचं दाखवत होते. पायलटनं रेषेच्या हातभर डावीकडं उतरवलं. मी असते तर मधोमध उतरवलं असतं."

"घाबरलीस का?"

"कशाला? चुकलं कुठं ते कळत होतं की."

मग तिने कार्डाची हकीकत सांगितली. लाडू लिहिले, मेतकूट लिहिलं, पापड लिहिले, आणि खाली लिहिलं, तांदूळ, एक दाणा. तपासणाऱ्या अधिकाऱ्याने दोनदा वाचून तिला बाजूला बोलावलं. ताईला भाषा येत नव्हती, ते तिथल्या एका पंजाबी मुलीने सांभाळून घेतलं. ताईने पदराची गाठ सोडून दाणा त्याच्या टेबलावर ठेवला. त्याने भिंगातून बघितला. हे काय आहे? कशासाठी आणलंय? ताईने हिंदीत सांगितलं, मेरे भाई का है. अधिकाऱ्याने दाणा उचलून वास घेतला, जरा विचार केला, आणि तिच्या हातावर परत ठेवला.

"कशाला नेलास तो?" मी विचारलं.

"तुला कळंल," ती म्हणाली. "जेवलास का?"

मला कळलं ते अठरा दिवसांनी. भाचीला मुलगी झाली होती आणि बारशाला त्यांनी मला व्हिडिओवर घेतलं होतं. पाळणा, फुगे, जावयाने नेसलेलं धोतर, सगळं दाखवून झालं. ताईने पाळण्यापाशी उभं राहून पदराची गाठ सोडली आणि तो एक दाणा मुलीच्या डोक्यावर टाकला.

"मामाआजोबांच्या हातची हाय ही," ती सगळ्यांना सांगत होती. "तिकडनं टाकता येत नाय म्हणून मी आणली." मग मोबाइल तोंडाजवळ धरून फक्त मला म्हणाली, "वैशाखात येते रे मी. पुढच्या नवमीला पेडलांना नुसतं फूल वाहू."